साताऱ्यातील सयाजीराव हायस्कूल आणि पाटील मास्तर

बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला सयाजीराव महाराजांच्या नावाची इतकी सवय झालेली असते की ते नाव दुसऱ्या गावात वाचायला मिळाले तर तो क्षणभर थबकतो. आमचेही तसेच झाले. मध्यंतरी नात्यातील एका लग्नासाठी आम्ही साताऱ्याला गेलो होतो. तेथे महाराजा सयाजीराव हायस्कूलचा उल्लेख कानावर आला आणि प्रथम वाटले की हा गायकवाड सरकारच्या काळचाच काही धर्मादाय प्रकार असावा. चौकशी केली तेव्हा कळले की ही शाळा ना बडोदे सरकारने काढली, ना एखाद्या संस्थानिकाने. मॅट्रिकही न झालेल्या, शेतकऱ्याच्या घरातील एका माणसाने ती 1940 साली उभी केली आणि आदल्याच वर्षी, फेब्रुवारी 1939 मध्ये, निवर्तलेल्या आपल्या महाराजांचे नाव तिला दिले. तो माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

यंदा स्मरणिकेसाठी शाळा, विद्यार्थी आणि संस्कार या विषयावर काहीतरी लिहा असे कार्यकारिणीने सांगितले, तेव्हा आम्हाला दुसरा विषय शोधावा लागला नाही. महाराष्ट्रात भाऊरावांचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आपल्याकडे बडोद्यात जन्मलेल्या तिसऱ्या चौथ्या पिढीला ते ठाऊक असतेच असे नाही.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे झाला. घराणे जैन, शेतकरी. मूळ पुरुष दक्षिणेकडील मूडबिद्रीचे, पुढे ते ऐतवडे गावी स्थायिक झाले आणि पाटील झाले. म्हणजे आज आपण ज्यांना अस्सल मराठी मातीतले म्हणतो त्यांचे कूळ कानडी मुलखातून आलेले. आमच्यासारख्या परप्रांती वसलेल्या मराठी कुटुंबांना याचे नवल वाटू नये. वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून. कारकुनाच्या मुलाचे शिक्षण बदलीच्या गावोगाव होते, हे आम्ही सरकारी नोकरीत असल्याने वेगळे सांगायला नको. दहिवडी, विटा अशी गावे फिरून भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात आले. लहानपणी, अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून त्यांनी एका विहिरीवरचा रहाटच मोडून टाकला होता अशी हकीकत सांगतात. पुढचे आयुष्य पाहिले तर ती खरी वाटते.

कोल्हापुरात त्या वेळी शाहू महाराजांच्या प्रेरणेने एकामागून एक वसतिगृहे उभी राहत होती. मराठ्यांचे वेगळे, जैनांचे वेगळे, लिंगायतांचे वेगळे, मुसलमानांचे वेगळे. त्या काळात हे फार मोठे पाऊल होते, कारण खेड्यातील मुलाला शहरात राहायला जागा मिळाल्याशिवाय शाळेचे दार उघडे असून उपयोग नसतो. भाऊराव जैन बोर्डिंगात राहिले. तेथील अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. बेळगावच्या वाचकांना हे नाव चांगलेच परिचित असेल. लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले आणि 1937 साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. 1908 साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या उद्घाटनाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढे सरकले नाही.

यानंतरची हकीकत आम्हाला या सगळ्या चरित्रात सर्वांत मोलाची वाटते. 1914 साली कोल्हापुरात इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. त्या प्रकरणात लठ्ठ्यांना गुंतवण्याचा घाट घातला गेला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. ज्या माणसाच्या देखरेखीखालच्या बोर्डिंगातून आपल्याला काढले त्याच माणसाविरुद्ध चार शब्द बोलायचे होते. बोलले असते तर सुटका होती, शिवाय जुना हिशेबही चुकता झाला असता. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यांना तुरुंगात टाकले, छळ झाला, आणि तो असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्यातून ते वाचले आणि पुढे सुटलेही. आपण मुलांना चारित्र्याचे धडे देतो तेव्हा बहुधा खोटे बोलू नये एवढेच सांगतो. ज्याने आपल्यावर अन्याय केला त्याच्याबद्दलही खोटे बोलू नये, इथपर्यंत आपण पोहोचत नाही.

सुटल्यावर पोटापाण्याचा प्रश्न होताच. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. नंतर ओगल्यांच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. पुढे धनजीशा कूपर यांच्या साताऱ्याकडील नांगराच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. तेथे मतभेद झाले आणि ते बाहेर पडले. आमच्या मते या विक्रेतेपणाच्या वर्षांनीच त्यांना घडवले. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याच्या बैलांची चौकशी करावी लागते, पीक कसे आले ते ऐकावे लागते. सातारा जिल्ह्यातील किती घरांत हुशार पोरगे गुरांमागे फिरते आहे आणि का, हे भाऊरावांना कोणत्याही अहवालावाचून कळले होते. गावात चौथीपर्यंतची शाळा असली तरी पुढे काय? तालुक्याला राहायचे कोठे, खायचे काय?

4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. त्याआधी दुधगावला त्यांनी मित्रांच्या साहाय्याने वसतिगृहाचा एक प्रयोग करून पाहिला होता. कालेच्या वसतिगृहानंतर नेर्ले येथे एक निघाले, आणि 1924 साली मुख्य काम साताऱ्यात आले. या वसतिगृहाचा विशेष असा की कोल्हापुरात जे जातवार होते ते साताऱ्यात एका छपराखाली आले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी मुले एका पंगतीत. आज लिहायला हे सोपे आहे. 1924 साली खेड्यातला बाप मुलाला अशा पंगतीत बसवायला सहजासहजी तयार होत नसे, आणि भाऊरावांना एकेका बापाला समजावायला त्याच्या दारात जावे लागे. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले तेव्हा त्यांनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्यांच्याच हस्ते त्याचे नाव श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे ठेवण्यात आले.

बोर्डिंग चालत होते कसे, हा आमच्यासारख्या हिशेबी माणसाला पडणारा प्रश्न. सरकारी मदत नाममात्र. गावोगाव हिंडून धान्य मागायचे. घराघरांतून मूठमूठ धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते गोळा करून बोर्डिंगाला पाठवायचे, ही पद्धत त्यांनी रुजवली. मूठभर जोंधळे देणाऱ्या बाईला देणगीदार म्हणत नाहीत, पण तिला ती शाळा आपली वाटते. बाकीचे काम मुलांनी करायचे. स्वयंपाक, दळण, झाडलोट, भांडी, सरपण यांच्या पाळ्या असत. सुट्टीच्या दिवशी शेतावर जायचे, माळ फोडायचा, दगड वेचायचे. आम्ही स्वतः डिप्लोमा करीत असताना वसतिगृहात राहिलो आहोत आणि मेसच्या हिशेबाची पाळी आमच्यावर आली होती. तेल किती लागते आणि महिनाअखेरीला ते कसे संपते हे आम्ही त्या एका महिन्यात जे शिकलो ते पुढे कामाच्या ठिकाणी सिमेंटच्या गोण्या मोजताना उपयोगी पडले. म्हणून भाऊरावांची ही रीत केवळ पैसे वाचवण्याची होती असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पैसे वाचत होतेच. पण ज्या मुलाच्या हाती कोठीची किल्ली असते त्याला घरी बसून कोणी नेतृत्वाचे भाषण द्यावे लागत नाही. पन्नास जणांच्या जेवणाची काळजी एकदा केली की माणूस मोठा होतो. आणि ज्या पोराच्या हातची भाकरी रोज खायची त्याची जात विचारण्यात अर्थ उरत नाही.

आजच्या काळात एवढे कष्ट मुलांकडून करवून घेतले तर कोणीतरी तक्रार करील, हेही खरे. आम्हालाही दळण दळून मग शाळेला जाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचे वाचून पोटात कालवते. मात्र त्या मुलांना घरी याहून कमी कष्ट नव्हते, फक्त तेथे त्यांच्याजोडीने पाटी नव्हती.

या सगळ्यात लक्ष्मीबाईंचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भाऊरावांच्या पत्नी सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या. प्रथम त्यांना हे सगळे जड गेले असणार. पण सर्व जातींच्या त्या पोरांच्या त्या आई झाल्या. अंगावरचे दागिने एकेक करून बोर्डिंगासाठी गेले. एकदा भाऊराव फिरतीवर असताना कोठीतले धान्य संपले, मुले उपाशी राहण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र काढून धान्य आणवले, ही गोष्ट सातारा भागात आजही घरोघर सांगितली जाते. 1930 साली त्या गेल्या. संस्थेचे वैभव त्यांनी पाहिले नाही. चरित्रकार हा प्रसंग त्यागाचा म्हणून सांगतात आणि पुढे जातात. आम्हाला राहून राहून वाटते की भाऊराव फिरतीवर होते, हे वाक्य त्या बाईंच्या संसारात किती वेळा आले असेल! सार्वजनिक कामात झोकून देणाऱ्या माणसाचे घर कोणीतरी दुसरे चालवत असते. आपल्या मंडळातही दहा दिवस उत्सव कोणाच्या जिवावर होतो हे स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय दिसत नाही.

लक्ष्मीबाई गेल्यानंतरची वर्षे कामाने गच्च भरलेली आहेत. 1932 साली पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. 1935 साली साताऱ्यात खेड्यातील प्राथमिक शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले. त्याला सिल्व्हर ज्युबिली हे नाव होते, कारण ते वर्ष बादशहाच्या राज्यारोहणाच्या पंचविशीचे. खादी घालणाऱ्या माणसाने हे नाव कसे पत्करले असे कोणी विचारील. आम्हाला वाटते, खेड्यात शिक्षक जाणार असेल तर पाटीवर काय लिहिले आहे याची त्यांना तेवढी फिकीर नव्हती. शिक्षक तयार झाल्यावर शाळा हव्यात. 1938 पासून, साताऱ्याजवळच्या डोंगरावरील यवतेश्वरापासून सुरुवात करून, जेथे सरकारी शाळा पोहोचली नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर त्यांनी व्हॉलंटरी शाळा काढायला घेतल्या. गावाने देऊळ, चावडी किंवा एखादी पडवी द्यायची, संस्थेने मास्तर द्यायचा. अशा 578 शाळा झाल्या. पुढे त्या सरकारी शाळा मंडळाकडे गेल्या. सरकारी खात्यात एक शाळाखोली मंजूर करून तिचे अंदाजपत्रक, निविदा आणि पायाखोदाई होईपर्यंत किती पावसाळे जातात हे आम्हाला पक्के माहीत आहे, म्हणून हा 578 आकडा आम्ही दोनदा तपासून पाहिला.

आता सयाजीराव हायस्कूलबद्दल. 1940 सालची ही शाळा विनामूल्य आणि निवासी होती. मुलाने राबायचे आणि शिकायचे, फी द्यायची नाही. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि 1906 साली ते सबंध संस्थानाला लागू केले. काळ्या घोड्याजवळून रोज जाताना आपल्यापैकी कितीजणांना हे साल आठवते कोणास ठाऊक. भाऊरावांना ते आठवत होते. महाराजांकडे तिजोरी होती आणि हुकूम काढण्याचा अधिकार होता. भाऊरावांकडे यांतले काहीच नव्हते. पण ज्याच्या घरी फीचे पैसे नाहीत त्यानेही शिकलेच पाहिजे, हा हट्ट दोघांचा सारखा. म्हणून साताऱ्याच्या शाळेवर बडोद्याच्या राजाचे नाव आले असे आम्ही समजतो.

1947 सालच्या जूनमध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. येथेही कमवा आणि शिका हीच रीत. कॉलेजात शिकणारी मुले कुदळ फावडे घेऊन कामावर जात. एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, अट अशी की कॉलेजला आपल्या वडिलांचे नाव द्यावे. भाऊरावांनी ती परत केली. एक वेळ मी माझ्या बापाचे नाव बदलीन पण शिवाजी महाराजांचे बदलणार नाही, अशा अर्थाचे ते काही बोलले अशी हकीकत आहे. देणगीदाराच्या नावाची फरशी कोठे बसवायची यावर आपल्याकडे बैठका होतात, म्हणून ही आठवण मुद्दाम लिहिली.

सरकारशीही त्यांचे खटके उडाले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प त्यांनी केला. त्याच सुमारास सरकारवर त्यांनी जाहीर टीका केली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री तेव्हा बाळासाहेब खेर होते. शेकडो शिक्षकांचे पगार अडले. माघार घ्यावी असे सुचवणारे हितचिंतक कमी नसणार. भाऊराव पुन्हा झोळी घेऊन बाहेर पडले, लोकांनी धान्य आणि पैसा दिला, विद्यार्थ्यांनी अंगमेहनत केली. गाडगे महाराजांनीही शब्द टाकला आणि पुढे अनुदान सुरू झाले. सरकारी नोकर म्हणून आम्हाला या प्रसंगावर फार बोलणे शोभत नाही. एवढेच म्हणतो की भाऊरावांच्या फटकळपणाची किंमत काही महिने मास्तरांच्या घरच्यांनीही मोजली, आणि तरी ते मास्तर सोडून गेले नाहीत. कराडला 1954 साली निघालेल्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव आहे.

या बोर्डिंगातून कोण बाहेर पडले याची यादी मोठी आहे. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यांतलेच. गरीब घरातील हा मुलगा विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला, परत येऊन संस्थेतच प्राध्यापकी आणि प्राचार्यपद केले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पण आम्हाला कुलगुरूंइतकेच त्या नाव नसलेल्या मास्तरांचे वाटते, जे शिकून पुन्हा एखाद्या वाडीवर जाऊन पडवीत फळा लावून बसले.

येथे एक कबुली द्यायची आहे. दरवर्षी उत्सवात आपण दहावी बारावीच्या मुलांचा गुणगौरव करतो. यादी गेली काही वर्षे आम्हीच करतो. टक्केवारी उतरत्या क्रमाने लिहायची, वरचे पंधरा घ्यायचे. गेल्या वर्षी समारंभ चालू असताना मागे एक मुलगा लाऊडस्पीकरची वायर धरून उभा होता, कारण ती सैल झाली होती. दहा दिवस खुर्च्या त्यानेच लावल्या, प्रसादाचा हिशेब त्यानेच ठेवला आणि तो पैशापैशाला जुळला. त्याला बारावीत बावन्न टक्के होते. यादी आमच्या हस्ताक्षरातली असल्याने दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही. भाऊरावांच्या बोर्डिंगात या पोराकडे कोठीची किल्ली असती. यंदाच्या बैठकीत आम्ही हे मांडले. काहींनी होकार दिला, काहींनी विचारले की काम मोजायचे कसे आणि उद्या भांडणे झाली तर? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर अजून ठरलेले नाही. तोपर्यंत प्रसादाच्या खर्चाची वही आणि पेटीची किल्ली या वर्षी पंधरा ते अठरा वयाच्या चार मुलामुलींकडे द्यायची एवढे मात्र मंजूर झाले आहे. वही अकराव्या दिवशी सर्वांना पाहायला मिळेल.

भाऊरावांचे शेवटचे वर्ष मानसन्मानाचे ठरले. 1959 सालच्या प्रजासत्ताक दिनी त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने, ज्या माणसाची मजल इंग्रजी सहावीपर्यंतच गेली होती त्याला डी. लिट. दिली. तोवर प्रकृती पार खालावली होती. 9 मे 1959 रोजी ते गेले. पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, हे त्यांचे चित्र आज संस्थेच्या प्रत्येक शाळेत लावलेले असते, आणि अशा शाखा आता सातशेहून अधिक आहेत. संस्थेच्या बोधचिन्हात वडाचे झाड आहे. महिना मे होता, शाळांना सुट्टी होती, बोर्डिंगातली बरीच मुले आपापल्या गावी गेली होती. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तशी ती गाठोडी घेऊन परत आली आणि पाळ्यांची यादी लागली.